पत्ता बरोबर आहे

रविवार, २६ ऑक्टोबर २०२५, सातारा

माझ्या मुलाच्या, देवदत्तच्या, कारखान्यानं गेल्या वर्षी वाटलेली डायरी कपाटात कोरी पडली होती. वर्ष शिळं झालंय, पण पानं गुळगुळीत आहेत. छापील तारखा खोडून माझ्या घालतो आहे. चौतीस वर्षं मुलांच्या वह्या तपासल्या, स्वतःची एकही भरली नाही. माझी बायको पद्मा म्हणाली, "लिहा की. तेवढा वेळ माझ्यामागची भुणभुण तरी थांबेल."

लिहिण्याचं कारण वल्लरी. दिवाळी संपवून माझी नात आज सकाळच्या गाडीनं सांगलीला गेली. इंजिनिअरिंगचं तिसरं वर्ष. पण दुसऱ्या वर्षाचा एक विषय मागे राहिलाय, प्रोग्रामिंगचा. दोनदा बसली, दोनदा राहिला. काल फराळ करता करता देवदत्तनं, म्हणजे तिच्या वडिलांनी, ताट बाजूला सारून सांगितलं, "डिसेंबरात सुटला नाही तर शिक्षण पुरे. सामान घेऊन यायचं, मी कारखान्यात ऑफिसात डेटा एंट्रीला चिकटवतो." वल्लरी चकलीचा तुकडा मोडून त्याचे आणखी तुकडे करत बसली.

परीक्षेला बसायलाही आधी दहा स्वाध्याय लिहून द्यायचे आहेत. सहावा अडलाय. मी म्हटलं, "मला वाचून दाखव." ती म्हणाली, "आजोबा, तुम्हाला कळणार नाही." मी म्हटलं, "तुला तरी कुठं कळलंय?" तेव्हा दिवाळीत पहिल्यांदा हसली.

निघताना पाया पडली आणि उगीचच विचारलं, "तुम्ही मेल बघता का हो आजोबा?" मी म्हटलं, "बघतो की!" आता मेलचा पत्ता काढलेला आहे, तर न बघायला काय झालं! कुठल्याशा पेन्शनच्या कामासाठी अकरा वर्षांपूर्वी शेजारच्या हंबीररावांनी काढून दिला होता.

बुधवार, २९ ऑक्टोबर

संध्याकाळी फोन. वल्लरीनं सहावा स्वाध्याय वाचून दाखवला. मी वहीत उतरवून घेतला. एक विद्यार्थी नावाचा क्लास करायचा. त्या विद्यार्थ्याला नाव असेल आणि मेलचा पत्ता असेल. पत्ता कुणालाही थेट बदलता येऊ नये. बदलायचा तर एका ठरावीक दारातून आत यावं लागेल, आणि त्या दारात पत्ता तपासला जाईल. चुकीचा असेल तर आत घ्यायचा नाही.

मला हे कळायला पाऊण तास लागला. मी विचारलं, "हा विद्यार्थी कोण?"

"कोणीच नाही. तो नमुना आहे. त्याच्यावरून खरे विद्यार्थी बनवायचे. त्यांना ऑब्जेक्ट म्हणतात."

"म्हणजे नमुना आधी आणि मुलं नंतर?"

"हो."

माझ्या वर्गात नेहमी उलटं असायचं. आधी मुलं यायची, धुळीनं भरलेले पाय, कुणाच्या खिशात चिंचा, आणि त्यातून मग वर्ग कसा आहे ते कळायचं. पण असेल बुवा. मी म्हटलं, "आणि त्याचा पत्ता त्याला स्वतःला तरी बदलता येतो का?"

ती म्हणाली, "हा प्रश्न सरांनी तोंडी परीक्षेत विचारला होता. मला आला नव्हता." आणि मग तिनंच मला सांगितलं, चांगलं दहा मिनिटं. मला त्यातलं अर्धं कळलं. पण सांगताना तिचा आवाज मोठा होत गेला, हे मात्र लक्षात आलं.

रविवार, २ नोव्हेंबर

कालपासून मेलच्या पत्त्याचे नियम लिहितोय. मधे तो वेटोळ्यातला ए हवा, त्याला ॲट म्हणतात. एकच हवा. त्याच्या आधी काहीतरी हवं, नंतर काहीतरी हवं, नंतरच्यात कुठंतरी टिंब हवं, पण टिंब अगदी शेवटी नको. मोकळी जागा कुठंच नको. वल्लरीला हे सगळं ऐकवलं. ती म्हणाली, "हे मी तीन महिने पुस्तकात वाचतेय, तुम्ही सरळ मराठीत कसं लिहिलंत?"

त्यात विशेष काय! हे वृत्त आहे. ओळीत लघु कुठं, गुरू कुठं, यती कुठं. आठवीला मी भुजंगप्रयात शिकवायचो तेव्हा फळ्यावर गण मांडून ठेवायचो आणि मुलांना म्हणायचो, त्यात बसेल अशी एक ओळ करून आणा. दुपारचा तास, बाहेर पिंपळाची पानं वाजतायत, आत साठ मुलं बाकावर बोटं आपटत लगागा लगागा मोजतायत. तो आवाज अजून कधी कधी कानात येतो. पद्मा म्हणते तो फ्रिजचा आहे.

सकाळी हंबीरराव आले होते चहाला. हे मूळचे पलूसचे, तिकडं ऊस आहे, पण स्वतः बावीस वर्षं फौजेत सिग्नलला होते. आता कोपऱ्यावर त्यांचं सेवा केंद्र आहे. दाखले, फॉर्म, आधार सगळं तिथं. त्यांना स्वाध्याय सांगितला.

"आवं मास्तर, हे तर आमचं रोजचं हाय," ते म्हणाले. "लोकं फॉर्म भराय येत्यात. मेल इचारला की तोंडाकडं बघत्यात. मग आमी घरातल्या मोठ्या माणसाचा टाकतो. काय न्हाई तर माझाच. निम्म्या पेठेचा मेल माझाच हाय गड्या."

"आमच्याकडं तसं नाही," मी म्हटलं. "आमच्या घराला स्वतःचा आहे." आणि ते खरंच आहे. गॅस, वीज, देवदत्तचा विमा, सुनेचं पॅन कार्ड, पोरीची कॉलेजची ॲडमिशन, जिथं जिथं मेल लागला तिथं हंबीररावांनी माझाच घातला. दारावरच्या पाटीवर जसं घरातल्या मोठ्याचं नाव असतं तसं. मला ते आवडलं होतं. अजून आवडतं.

"पर मास्तर," हंबीरराव बशीत चहा ओतत म्हणाले, "सिग्नल पाठवला मंजी पोचला, असं आमच्याकडं न्हवतं. समोरनं 'रॉजर' आलं की मगच कागदावर टिक. रॉजर न्हाई, तर सिग्नल गेलाच न्हाई असं धरायचं."

याचा स्वाध्यायाशी काय संबंध ते मला समजलं नाही. पण लिहून ठेवतो.

बुधवार, ५ नोव्हेंबर

प्रोग्राम चालला! म्हणजे तिनं तिकडं चालवला आणि फोनचा कॅमेरा पडद्यासमोर धरून मला दाखवला. बरोबर पत्ता म्हणून कुठला घालायचा असं तिनं विचारलं, मी अर्थातच माझा सांगितला. गंगाधर, टिंब, मास्तर, ॲट आणि पुढचं सगळं. काळ्या पडद्यावर अक्षरं उमटली, तिनं मोठ्यानं वाचली: "पत्ता बरोबर आहे."

इतक्या वर्षांत मला कुणी असं प्रमाणपत्र दिलं नव्हतं.

आज बँकेत हयातीचा दाखला देऊन आलो. दर नोव्हेंबरला पेन्शनवाले विचारतात, माणूस आहे ना अजून? रांगेत दीड तास उभा होतो. माझा अंगठा यंत्राला ओळखू आला नाही. चार वेळा पुसून लावला. खिडकीतली मुलगी म्हणाली, "आजोबा, रेकॉर्डवर पत्ता, नाव सगळं बरोबर आहे हो तुमचं, फक्त तुम्ही आहात हे दिसत नाहीये." पाचव्या वेळी दिसलो.

रविवार, ९ नोव्हेंबर

आज तासभर प्रोग्रामला चुकीचे पत्ते भरवले. दोन ॲट. शून्य ॲट. शेवटी टिंब. एक पत्ता नुसताच ॲट. प्रोग्राम एकेक नाकारत गेला. पण नाकारला की नुसताच गप्प. पडद्यावर काहीच येत नाही.

मी म्हटलं, "हे बरं नाही. पत्ता देणाऱ्याला कसं कळणार, घेतला की नाही ते? तो बिचारा वाट बघत बसेल. नाही म्हणायचं असेल तर तोंडानं नाही म्हणावं."

"स्वाध्यायात तसं मागितलेलं नाही."

"मागितलेलं नसू दे. मुकाट्यानं बसणं हा उद्धटपणा आहे."

ती म्हणाली, "तुम्हाला खरंच असं वाटतं?" मी म्हटलं, "म्हणजे काय!" तिनं त्यात एक ओळ वाढवली. आता चुकीचा पत्ता दिला की प्रोग्राम कारण सांगतो.

मग मी तिला अंकिताची गोष्ट सांगितली. शहाण्णव-सत्त्याण्णव साल असेल. अंकितानं भुजंगप्रयातात ओळ करून आणली होती: "उशी खात होती गुलाबी दुपारी." लगागा लगागा लगागा लगागा. एक मात्रा इकडची तिकडं नाही. अर्थ काय? काही नाही. मी दहापैकी दहा दिले होते, कारण प्रश्न वृत्ताचा होता. शिक्षकांच्या खोलीत सगळे हसले मला.

वल्लरीही हसली. मग म्हणाली, "प्रोग्रामचंही तसंच आहे आजोबा. नियमात बसतो म्हणून पत्ता बरोबर म्हणतो. तिथं कोणी राहतं का, हे त्याला कळत नाही."

"मग ते कसं कळणार?"

"पत्र पाठवून. उत्तर आलं तर कळतं."

रात्रीच्या भाकरीच्या वेळी मी पद्माला हे सगळं सांगितलं. ती म्हणाली, "पोरगी रोज तासभर बोलते तुमच्याशी. दोन वर्षांत एवढी बोलली नव्हती. तुम्हाला काय कळतं न कळतं ते जाऊ दे, फोन ठेवू नका म्हणजे झालं."

शुक्रवार, १४ नोव्हेंबर

स्वाध्याय आठ झाले. पण नवीनच घोळ. राहिलेल्या विषयाचा परीक्षेचा फॉर्म यंदा कागदावर नाही, मेलवर दुवा येतो, त्यावरून भरायचा. मुदत २१ तारखेला संध्याकाळी पाचपर्यंत. वल्लरीबरोबरच्या दोघींना आला, हिला नाही. ऑफिसात विचारलं तर म्हणाले, पाठवलाय, मेल बघा. ही रोज बघतेय. नाहीये.

फॉर्म नाही तर परीक्षा नाही, आणि परीक्षा नाही तर देवदत्त सामान आणायला गाडी पाठवणार. मी म्हटलं, "मी येतो सोमवारी." ती म्हणाली, "तुम्ही येऊन काय करणार?" मलाही माहीत नाही.

सोमवार, १७ नोव्हेंबर

सांगलीला जाऊन आलो. अंग दुखतंय, पण लिहूनच निजतो.

जाताना तासगावमार्गे गाडी मिळाली. छाटणी झालेल्या द्राक्षबागांना कोवळी पालवी फुटलीय. शाळेत अशा पालवीवर मी किती मुलांकडून निबंध लिहून घेतले, आणि एकदाही खाली उतरून हात लावून बघितला नाही. आजही गाडी थांबली नाही.

कॉलेजच्या ऑफिसात खिडकीमागे एक सभ्य गृहस्थ होते, नाव दादासो. त्यांनी संगणकात बघून सांगितलं, "आजोबा, ६ तारखेलाच गेलाय. फॉर्मवर जो मेल आहे त्यावर. परत आलेला नाही, म्हणजे पत्ता बरोबर आहे."

"पण तिला मिळालेला नाही."

"पत्ता चुकीचा असता तर परत आला असता."

हे वाक्य ऐकून मला सहावा स्वाध्याय आठवला आणि काहीतरी म्हणावंसं वाटलं, पण काय ते सापडेना. वल्लरी म्हणाली, "कुठल्या मेलवर गेलाय ते दिसतं का?" दादासो म्हणाले पूर्ण पत्ता दाखवता येत नाही, गुप्त असतो. जी नं सुरू होतो, एवढंच दिसतंय. वल्लरीनं कपाळाला आठ्या घातल्या. मागे रांग होती, आम्ही बाजूला झालो.

नदीवर जाऊन बसलो. मी कंदी पेढे नेले होते, तिनं एकच खाल्ला. पाण्यावर ऊन होतं. मला पाचवीतल्या एका कवितेतली नदी आठवली, मी म्हणायला लागलो, दोन कडवी म्हटली. ती ऐकत होती. शाळेत असताना ती माझ्याबरोबर म्हणायची. तिसरं कडवं तिनं म्हटलं, न अडखळता. मी थक्क. म्हटलं, "अजून पाठ आहे?" ती म्हणाली, "मला सगळ्या पाठ आहेत आजोबा. तेवढंच पाठ आहे."

मग म्हणाली, "मी पहिल्या वर्षी तुम्हाला एक लिहिलं होतं. मिळालं होतं ना?"

मी म्हटलं, "हो तर! मिळालं ना. कपाटात जपून ठेवलंय." पहिल्या दिवाळीला तिनं हातानं केलेलं भेटकार्ड पाठवलं होतं, पणत्या चितारलेलं. सुंदर होतं.

"आणि?"

"आणि काय! छान होतं. तुझ्या आजीलाही आवडलं."

तिनं माझ्याकडं असं पाहिलं की मला वाटलं मी पेढ्याचा कागद नदीत टाकला की काय. मग ती उठली. "चला, तुमची गाडी चुकेल." स्टँडवर तिनं भडंगाची पुडी हातात दिली आणि गाडी हलायच्या आधीच वळून गेली. एरवी हात हलवत उभी असते.

फॉर्मचं टेन्शन असणार.

बुधवार, १९ नोव्हेंबर

दोन दिवस वल्लरीचा फोन नाही. मी केला तर म्हणाली डोकं दुखतंय. नववा स्वाध्याय करू या का म्हटलं तर म्हणाली, "उपयोग काय?"

हंबीरराव आले. मी म्हटलं, चार माणसांनी सांगितलं पत्ता बरोबर आहे, आणि पत्र मात्र मिळत नाही. हा काय प्रकार? ते म्हणाले, "मंग मास्तर, दुसऱ्याच कुणाच्या तरी दारात पडलं असंल." मी म्हटलं, "कुणाच्या? जी नं सुरू होणारं..."

इथं माझं मलाच थांबावं लागलं. हंबीररावांनी बशी खाली ठेवली.

"मास्तर, ॲडमिशनचा फॉर्म आपल्याच केंद्रात भरलावता न्हवं?"

"हो."

"आन् मेल कुणाचा टाकलावता?"

गुरुवार, २० नोव्हेंबर

काल पुढं लिहिता आलं नाही. आता सगळं लिहितो.

मेल उघडायचा तर परवलीचा शब्द हवा. तो मी पेन्शनच्या जुन्या वहीत मागच्या पानावर लिहिला होता, ती वही सापडायला आज सकाळचे अकरा वाजले. माळ्यावर होती. पद्मा खालून म्हणाली, "अकरा वर्षं उघडला नाही?" मी म्हटलं, "गरज पडली नाही." ती म्हणाली, "मग पोरीला 'बघतो की' कशाला सांगितलंत?" मी वहीवरची धूळ झटकत खाली उतरलो.

हंबीररावांच्या केंद्रात बसलो. उघडला. तीन हजार चारशे आणि काही. न वाचलेली पत्रं. गॅसची, विजेची, विम्याची, कुठल्या कुठल्या दुकानांची. दारामागे इतक्या वर्षांचं टपाल साठलेलं, आणि मी बाहेर पाटी पुसत बसलेला. हंबीररावांनी वल्लरीच्या कॉलेजचं नाव घालून शोधलं. होता. ६ नोव्हेंबर, परीक्षेच्या फॉर्मचा दुवा. मुदत उद्या पाचपर्यंत.

मी तिला फोन लावला. "सापडला! माझ्याकडं आलाय!" हंबीररावांनी तिला तो दुवा पुढं पाठवला, तिनं उघडला, भरायला लागली. मग म्हणाली, "आजोबा, त्याच मेलवर सहा आकडे येतील. दहा मिनिटांत सांगायचे." आम्ही दोघं म्हातारे पडद्याकडं डोळे लावून बसलो. आले. मी परवचा म्हणावा तसा एकेक आकडा मोठ्यानं म्हटला. केंद्रात रेशनकार्डासाठी आलेली माणसं माझ्याकडं बघत होती. पलीकडून ती म्हणाली, "झाला. भरला." आणि म्हणाली, "मेलच्या जागी आता माझा घातलाय. चालेल ना?"

मी म्हटलं, "चालेल." दारावरची पाटी उतरवताना खिळ्याचा आवाज होतो, तसं काहीतरी झालं. पण तो माझा प्रश्न आहे.

मी उठणार, तेवढ्यात हंबीरराव म्हणाले, "मास्तर, शोधायच्या जागी मी कॉलेजच्याऐवजी पोरीचं नाव टाकलं बघा. हे एक तिचंच हाय. लय जुनं."

३ सप्टेंबर २०२३. तिच्या पहिल्या महिन्यातलं. हंबीरराव न सांगता बाहेर जाऊन उभे राहिले. मला चष्मा दोनदा पुसावा लागला. ते पत्र इथं उतरवून ठेवतो, म्हणजे पुन्हा हरवणार नाही.

"आजोबा, फोनवर आई-बाबा असतात म्हणून मेल करते. मला इथलं काही समजत नाही. सगळे भराभर पुढं जातात. मला इंजिनिअर व्हायचं नव्हतं, मला तुमच्यासारखं मराठी शिकवायचं आहे. बारावीच्या निकालाला तुम्ही सगळ्यांना 'नात इंजिनिअर होणार' म्हणून पेढे वाटलेत म्हणून मी बोलले नाही. अजून ॲडमिशन रद्द करता येते, १५ तारखेपर्यंत. तुम्ही सांगितलंत तर बाबा ऐकतील. तुम्ही नाही म्हणालात तरी चालेल, मी राहीन. फक्त काय ते कळवा. वल्लरी."

खाली आणखी एक होतं. १४ सप्टेंबर. "आजोबा, वाचलंत का?" एवढंच.

आणि मी सोमवारी नदीवर म्हटलं होतं, छान होतं, तुझ्या आजीलाही आवडलं.

शुक्रवार, २१ नोव्हेंबर

सकाळी देवदत्त कामावर निघायच्या आधी त्याला ती दोन्ही पत्रं वाचून दाखवली. चपला घातलेल्या तशाच उभ्यानं ऐकली त्यानं. मग म्हणाला, "मला का नाही सांगितलं तिनं?" पद्मा आतून म्हणाली, "ज्याला सांगितलं त्यानं तरी कुठं ऐकलं!" देवदत्त पायरीवर बसला. त्याची बस गेली. बऱ्याच वेळानं म्हणाला, "डेटा एंट्रीचं मी रागानं बोललो होतो." मी म्हटलं, "ते तिला सांग. मला सांगून मी काय करतो ते बघतोयस ना."

मग मी केंद्रात गेलो. हंबीरराव टाईप करून देतो म्हणाले. मी म्हटलं, नको. एका बोटानं लिहिलं. मराठी अक्षरं कुठली कुठं आहेत, वेलांटी आधी की नंतर, काही कळत नव्हतं. नऊला बसलो, उठलो साडेबाराला. लिहिलं ते असं:

"चि. वल्लरीस, अनेक आशीर्वाद. तुझी दि. ३ व १४ सप्टेंबर २०२३ ची दोन्ही पत्रं काल पोचली. पोच द्यायला दोन वर्षं दोन महिने लागले. नदीवर मी म्हटलं 'मिळालं', ते खोटं होतं. मी भेटकार्डाबद्दल बोलत होतो. मेल बघतो म्हटलं होतं, तेही खोटं होतं. तू लिहिलेला पत्ता बरोबर होता. मीच घरी नव्हतो. तू विचारलं होतंस त्याचं उत्तर तेव्हाही 'ये' हेच असतं. आज तुझ्या बाबांना सगळं सांगितलंय. आता तुला काय हवं ते तू ठरव, आणि कळव. आजोबा."

पाठवलं. मग तिथंच बसून राहिलो. हंबीरराव गिऱ्हाइकांचे दाखले काढत होते आणि मधून मधून माझ्याकडं बघत होते. मला वाटत होतं, ती उत्तर देणार नाही. आणि नाही दिलं तर ते बरोबरच होईल.

पावणेदोनला पडद्यावर वर एक ओळ आली. मला ती दिसली नाही, त्यांना दिसली. ते खुर्चीतून अर्धे उठून म्हणाले, "मास्तर, रॉजर आला."

"आजोबा, मिळालं. जायचं की राहायचं ते मलाच आता माहीत नाही. दोन वर्षांपूर्वी माहीत होतं. आत्ता परीक्षा देते. प्रोग्राम चालायला लागलाय, तो अर्धा टाकावासा वाटत नाही. नंतर सांगीन, तेव्हा बाबांसमोर माझ्या बाजूला बसा. आज सातला नववा करायचाय. वही घेऊन बसा. आणि मेल रोज उघडा. व."

घरी येऊन जेवलो. आता पावणेसात झालेत. वही पुढ्यात आहे. नववा स्वाध्याय वाचून बघितला. पहिल्या ओळीचाही अर्थ लागत नाही.